गुप्त्यांचा कान आणि हिरवी रेघ

मी विमानखात्यात होतो असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या पोटाकडे बघतो. हा गृहस्थ वैमानिक नसणार, हे त्याला तिथेच कळतं. मग तो विचारतो, "म्हणजे विमानतळावर का?" मी म्हणतो, "नाही, दिवेआगरच्या पलीकडे, माळावर." तिथे विमानतळ नव्हता, आजही नाही. होत्या त्या दोन लाकडी खोल्या, डिझेलवर खोकणारं एक इंजिन, आणि समोर समुद्र. एवढ्या सामग्रीवर आम्ही आकाशातल्या माणसांना ते नेमके कुठे आहेत ते सांगायचो. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे, आणि स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती.

विमानांना वाट दाखवणारा कंट्रोलर काचेच्या मनोऱ्यात उभा राहून विमानांकडे बघत असतो, अशी लोकांची समजूत आहे. धावपट्टीजवळच्या विमानांपुरती ती खरी आहे. पण पन्नास-साठ मैलांवरची विमानं ज्याच्या हवाली असतात तो कंट्रोलर मुंबईत एका बंद खोलीत बसायचा, आणि त्याला एकही विमान दिसत नसे. त्याच्यापुढे एक लाकडी फळी असे. प्रत्येक विमानाची कागदाची एक पट्टी त्या फळीतल्या खाचेत बसवलेली. विमान काय बोललं, किती वाजता, किती उंचीवर, हे तो पेन्सिलीने पट्टीवर लिहायचा आणि पट्ट्या वरखाली सरकवायचा. शेजारच्या टेबलावर नकाशा. नकाशात मुंबईच्या ठिकाणी एक भोक आणि आमच्या माळाच्या ठिकाणी दुसरं, दोन्हींतून एकेक दोरा वर आलेला. मुंबईच्या यंत्राने विमानाची दिशा सांगितली की पहिला दोरा तसा ताणायचा, आम्ही सांगितली की दुसरा. दोन दोरे जिथे एकमेकांना छेदतील तिथे विमान. रडार अजून आमच्या नशिबी यायचं होतं, तोवर मुंबईकडे येणारी माणसं ह्या दोन दोऱ्यांच्या भरवशावर यायची.

आमच्या बाजूचं काम सांगायला सोपं आहे. तुमच्या घरी ट्रान्झिस्टर असेल तर तो सुरू करून हळूहळू गोल फिरवून बघा. एका ठिकाणी आवाज एकदम बारीक होतो. स्टेशन कोणत्या दिशेला आहे ते त्या बारीक होण्यावरून काढता येतं. आमचंही यंत्र तेच करायचं. छतावर एरियल, छतातून खाली आलेलं एक चाक, चाकाभोवती अंशांची तबकडी. वैमानिक बोलायला लागला की कानाला हेडफोन लावून चाक फिरवायचं आणि जिथे त्याचा आवाज बुडेल तिथला आकडा वाचायचा. उलट्या-सुलट्या दिशेचा घोळ टाळायला वेगळं बटण होतं, ते सोडा. सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा, कारण वैमानिक काही आमच्यासाठी कीर्तन करत बसत नसे.

ह्या खेळात गुप्त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गुप्ते म्हणजे आमचे ज्येष्ठ ऑपरेटर. विधुर, काटक, बोलायला कमी आणि इस्त्रीला पक्के. बोर्ली पंचतनच्या बाजारात मासळी घ्यायला जातानासुद्धा त्यांच्या शर्टाची घडी मोडत नसे. मुलगा दूर नागपूरला, घर म्हणजे सुपारीच्या वाडीतल्या दोन भाड्याच्या खोल्या, आणि ज्याला स्वतःचं म्हणावं असं जगात एकच ठिकाण, ते म्हणजे त्या चाकाखालची खुर्ची. पेन्शनीला दोन वर्षं राहिली होती. मी उरणच्या मिठागरवाल्यांचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. गुप्ते मला "म्हात्रे" म्हणायचे आणि मी त्यांना "साहेब".

अशात खात्याने आमच्याकडे नवं यंत्र पाठवलं. त्यात फिरवायला चाक नव्हतं, ऐकायला काही नव्हतं. पुढे बशीएवढी गोल काच. वैमानिकाने तोंड उघडलं की काचेच्या मध्यातून काठाकडे एक हिरवी रेघ उमटायची आणि काठावरच्या आकड्याला जाऊन टेकायची. तीच त्याची दिशा. त्याने "हॅलो" म्हणायच्या आत आकडा तयार. मी पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा माझा हात सवयीने चाक शोधत राहिला. विमान अगदी डोक्यावरून गेलं की ती रेघ गोंधळून गरागरा फिरायची, आणि मी ते बघायला खुर्ची सोडून उभा राहायचो.

ह्या यंत्राचा खांब लागला तो माळाच्या पश्चिम टोकाला, कारण सपाट जागा तिथेच होती; काच मात्र आमच्याच खोलीत, केबलने जोडलेली. पेट्या बैलगाड्यांतून आल्या आणि शेवटच्या वाळूत चाकं रुतली. शेजारच्या कोळीवाड्यातली माणसं धावून आली. सगळ्यांत पुढे हिराबाई. तिचा नवरा धर्मा नाखवा, म्हणजे त्यांच्या होडीचा प्रमुख, पण किनाऱ्यावर हुकूम तिचा. दोन तास खांदा लावून त्यांनी पेट्या वर आणल्या आणि चहापलीकडे काही घेईनात. मला ते बरं वाटेना. जुन्या एरियलची उरलेली तारेची दोन वेटोळी शेडमध्ये पडली होती. मी विचारलं, "ही चालेल का?"

हिराबाईने तार हातात घेऊन वाकवून पाहिली. "चालंल म्हनजे? काथ्या दर साली कुजतो. ही माज्या नातवापर्यंत टिकंल."

मुंबईचे इंजिनियर आले, धर्माच्या होडीत लहानसा ट्रान्समीटर ठेवून त्यांनी ती समुद्रात चोहीकडे फिरवली, प्रत्येक दिशेचा आकडा तपासला, सगळं बरोबर असल्याचा शेरा मारला आणि गेले. जाताना आम्हाला फर्मान देऊन गेले. तीन महिने दोन्ही यंत्रं बरोबरीने चालवा, दोन्ही आकडे वहीत लिहा. नवं पास झालं की जुनं काढून टाकू, आणि मग एका पाळीला एकच ऑपरेटर पुरे होईल.

एकच पुरे म्हणजे कोणता, हे सांगायची गरज नव्हती. गुप्त्यांनी ते ऐकलं आणि आपली खुर्ची फडक्याने पुसली.

तीन महिन्यांत बाकी सगळ्या दिशांचे आकडे जुळले. बहुतेक विमानं किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारी, त्यांत दोन यंत्रांत एखाद्या अंशाचाही फरक पडला नाही. पण पश्चिमेकडून, एडनच्या वाटेने एखादं विमान आलं की गुप्त्यांचा आकडा वेगळा आणि रेघेचा वेगळा. पाच, सहा, कधी सात अंश. अशी विमानं फार नव्हती, पण वहीत ती ठळक दिसत होती. आता ह्याचा अर्थ काय लावायचा? यंत्र तर इंजिनियरांनी तपासून दिलेलं. दुसरीकडे गुप्ते हल्ली माझं बोलणं ऐकताना मान तिरपी करायचे, आणि इंजिन चालू असलं की दोनदा विचारायचे. मी मनाशी निकाल लावून टाकला. वहीच्या शेवटच्या रकान्यात मी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं : जुन्या यंत्रावरील ऑपरेटरच्या श्रवणातील दोष. एकदा नाही, चार वेळा. वही रोज गुप्त्यांच्याही हातात जायची. त्यांनी ते वाचलं असणारच, पण कधी एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या लेखी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होता. आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

मे महिन्यातली ती दुपार. वळवाचे ढग दाटून आलेले, समुद्र आणि आभाळ एकाच मळकट रंगाचं. एडनकडून येणाऱ्या एका मोठ्या विमानाचा स्वतःचा होकायंत्राचा सरंजाम बिघडला होता. ते ढगात होतं, खाली काही दिसत नव्हतं, आणि आपण कुठे आहोत ते विचारत होतं. त्याच वेळी मुंबईहून दुसरं एक विमान त्याच वाटेने पश्चिमेकडे निघायच्या तयारीत धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं. वैमानिकांशी सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, आणि मुंबईशी आमचं वेगळ्या वायरलेसवर, बरंचसं मराठीत. मुंबईला त्या पाळीला वागळे कंट्रोलर होते. चार वर्षं मी त्यांच्याशी रोज बोलत होतो आणि त्यांचं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं.

वैमानिक बोलला. माझी रेघ तीनशे आठवर टेकली. शेजारी गुप्त्यांनी चाक फिरवलं, थांबवलं, जरा मागे घेतलं. "तीनशे पंधरा."

मी दोन्ही आकडे सांगितले. तिकडे वागळ्यांनी दोरे ताणले असावेत. मग ते म्हणाले, "म्हात्रे, दोन आकड्यांनी माझी दोन विमानं होतात. एक मुंबईपासून जवळ, एक सात-आठ मैल लांब. लांबचं खरं असेल तर मी दुसऱ्याला आत्ता उडवून वर चढवू शकतो. जवळचं खरं असेल तर दोघं ढगात समोरासमोर येतील. कुठला घेऊ?"

मी म्हणालो, "रेघेचा घ्या. गुप्ते साहेबांना आताशा नीट ऐकू येत नाही."

ते शेजारी बसले होते. तीन फुटांवर. त्यांनी हेडफोन काढले, वायरची नीट गुंडाळी केली आणि ते टेबलावर ठेवले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वागळे म्हणाले, "बरं." एवढंच. पण त्यांनी दुसरं विमान उडवलं नाही. उतारू आतल्या आत शिजले असतील, कंपनीच्या माणसांनी आरडाओरडा केला असेल, पण एडनचं विमान प्रत्यक्ष नजरेस पडेपर्यंत त्यांनी ते जमिनीवर धरून ठेवलं. अर्ध्या तासाने त्यांचा पुन्हा आवाज आला. "म्हात्रे, उतरलं. तुमच्या रेघेच्या हिशेबापेक्षा अडीच मिनिटं आधी आलं. गुप्त्यांच्या आकड्याने बरोबर वेळेवर."

अडीच मिनिटं म्हणजे विडी पेटवायला लागतात तेवढी. मी तोंडातल्या तोंडात विचारलं, "दुसरं उडवलं असतं तर?"

"काय झालं असतं ते देवाला ठाऊक. मला ठाऊक नव्हतं म्हणून मी उडवलं नाही. पश्चिमेच्या तुमच्या सगळ्या जुन्या नोंदी मला पाठव."

दोन विमानांत मिळून शंभरावर माणसं, आणि मी छातीठोकपणे आकडा सांगून मोकळा झालो होतो. वागळ्यांनी माझं ऐकलं असतं तर, हा विचार त्यानंतर कित्येक वर्षं मला जेवताना, दाढी करताना, कधीही गाठायचा.

पाळी संपल्यावर गुप्ते बाहेर पायरीवर बसले. मी जाऊन समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, माझं चुकलं. तुमचा कान चांगला आहे."

"नाही," ते म्हणाले. "कान गेलाच आहे. डावा तीन वर्षांपूर्वी गेला. उजवाही आता अर्धाच."

"मग तुमचा आकडा बरोबर कसा?" मी विचारलं.

त्यांनी पायरीजवळच्या धुळीत बोटाने एक खळगा काढला. "आपण काय शोधतो, आवाज बुडतो ती जागा. तुला ती सुईच्या टोकाएवढी लागते. मला बारीक आवाज ऐकूच येत नाही, त्यामुळे माझी जागा रुंद होते, एवढी. मग मी काय करतो, एका बाजूने आवाज कुठे संपला ते बघतो, दुसऱ्या बाजूने कुठे सुरू झाला ते बघतो, आणि मधोमध चाक थांबवतो. दोन काठ बरोबर असले की मध्य चुकत नाही." मग खळगा पुसून म्हणाले, "पण आणखी वर्षभराने काठही ऐकू यायचे नाहीत. तू लिहिलंस ते खोटं नव्हतं, म्हणून मी बोललो नाही. मला हे आधीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की खुर्ची गेली."

म्हणजे मी बहिरेपणाबद्दल बरोबर होतो आणि बाकी सगळ्याबद्दल चूक. असा विजय वैऱ्यालाही मिळू नये.

पण मग रेघ खोटं का बोलत होती? पुढचे दोन दिवस मी यंत्र उघडून बसलो. आतले व्हॉल्व्ह बदलले, जोडण्या घासल्या, केबलची तपासणी केली. सगळं ठाकठीक. रेघ पूर्वीइतकीच सरळ आणि आत्मविश्वासाने चुकीची. यंत्रावर काम करणाऱ्याला यंत्र बिघडलं की बरं वाटतं, कारण बिघाड सापडतो. बिघाड नसताना चुकणारं यंत्र मात्र भुतासारखं वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई दाराशी आली. हातात सुक्या बोंबलांची जुडी. "ह्ये घ्या, सायेब. आनि तसली तार अजून हाय का? दोन वलांडी झाल्या, तिसरी न्हाय झाली."

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूंचा सांगाडा. खांब पुरायचे, आडव्या दोऱ्या ओढायच्या, आणि त्यांवर बोंबील टांगायचे. मी तिच्या मागे बाहेर आलो आणि पश्चिमेकडे पाहिलं. आमच्या नव्या खांबापासून ऐंशी पावलांवर, तीन महिने मी रोज ज्यांच्यावरून नजर फिरवत होतो त्या दोन लांबलचक वलांडी उभ्या होत्या. काथ्याच्या नव्हत्या. उन्हात चमकत होत्या.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. तार म्हणजे न बोलावता आलेला एरियल असतो. पश्चिमेकडून येणारी रेडिओची लाट आधी त्या तारांना धडकायची, त्या तारा तिचा काही भाग आपल्या बाजूने पुन्हा फेकायच्या, आणि आमच्या यंत्राला दोन्ही मिळून एक भलतीच दिशा दिसायची. जुन्या यंत्राचा एरियल माळाच्या दुसऱ्या टोकाला, खोलीच्या छतावर, त्याच्यापर्यंत हा उपद्व्याप पोचत नव्हता. इंजिनियर तपासून गेले तेव्हा तारा अजून वेटोळ्यातच होत्या. एरियलच्या खांबाजवळ तार लावू नये, हे आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ती लावली नव्हती. मी ती भेट दिली होती.

खरं सांगतो, मनात आलं ते आधी हे, की तारा गुपचूप काढायला लावाव्यात. रेघ सुधारेल, यंत्र पास होईल, कुणाला काही कळणार नाही. वहीत फक्त माझी चार वाक्यं राहतील, आणि ती वाक्यं गुप्त्यांना घरी पाठवायला पुरेशी होती. मी पाणी प्यायलो आणि गुप्त्यांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांनी वलांडीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते. "म्हात्रे, तीन महिने मी रात्री उशीत डोकं खुपसून घड्याळाची टिकटिक ऐकायचा सराव करतोय. आणि हे बोंबील."

हिराबाई काही हसली नाही. "दिली कोनी तार? मी मागाया आलेली का?"

"मीच दिली," मी म्हणालो.

"आनि आता ढग आल्यात, शेवटचा माल टांगलाय, आनि तुमी म्हनता उतरव. वाळूत टाकू काय बोंबील?"

"काथ्याची दोरी मी आणून देतो. आम्ही बांधून देतो."

"आनि टांगनार कोन?"

"आम्हीच."

तिने गुप्त्यांच्या इस्त्रीकडे पाहिलं. "ह्ये बी?"

"हो," गुप्ते म्हणाले. त्यांना ते ऐकू आलं होतं.

दुपारी धर्मा नाखवा आमचा लहान ट्रान्समीटर होडीत घेऊन पश्चिमेला निघाला. मी त्याला नकाशावरची जागा दाखवायला गेलो तर तो म्हणाला, "कागद ठेवा तुमच्याकडंच. देवलाचा कलस मागच्या खिंडीत बसला, आनि तिकडं येकटा माड खडकावर आला, की आमी तितंच असतो. जालं टाकलेलं तसंच तर सापडतं." वागळ्यांच्या नकाशावरचे दोन दोरे ह्या माणसाच्या घराण्यात केव्हापासून चालत आले होते कोण जाणे. त्या जागेची दिशा इंजिनियरांनी मोजलेली होती, दोनशे ऐंशी.

गुप्ते आत काचेपुढे बसले. मी वलांडीपाशी, हिराबाई आणि तिच्या दोन सुना बरोबर. होडी जागेवर पोचली, धर्माने बटण दाबून धरलं. गुप्त्यांनी दारातून पाटीवर खडूने ठसठशीत लिहून दाखवलं : २७३. आम्ही पहिली तार सोडली. २७४. पुढची सोडली. २७४. एकेक तार बोंबलांसकट वाळूत पसरलेल्या चटईवर येत होती आणि गुप्ते पाटी पुसून पुन्हा लिहीत होते. दुसरी वलांडी उतरायला लागली तशी पाटी झरझर बदलली. २७६. २७८. शेवटची तार सुटली तेव्हा ते दारात आलेच नाहीत. मी धावत आत गेलो. ते काचेवर वाकले होते. हिरवी रेघ दोनशे ऐंशीवर टेकली होती, अगदी काटेकोर.

"आली," ते म्हणाले. "काय सुंदर आहे रे ही. मी आजवर नीट पाहिलीच नव्हती."

त्यानंतर दिवस मावळेपर्यंत आम्ही बोंबील टांगले. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, असं ते काम असतं. हिराबाईने गुप्त्यांच्या पहिल्या वीस जोड्या उतरवून परत लावायला लावल्या. त्यांचा शर्ट त्या दिवशी कायमचा बाद झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन कागद लिहिले. माझ्या कागदात तारेची सगळी हकिकत होती, आणि वहीतली माझी चार वाक्यं मी नावानिशी मागे घेतली होती. बढतीची आशा मी त्याच पाकिटात घालून पाठवली. गुप्त्यांच्या कागदात तीनच ओळी होत्या. माझे कान कमजोर झाले आहेत, ते मी लपवले, माझी तपासणी व्हावी. मी त्यांना म्हणालो, "आता कशाला? तुमचाच आकडा खरा ठरलाय."

"आज ठरला," ते म्हणाले. "तुझ्या वेळी तू खोटा आकडा सांगितलास तो नकळत. मी पुढच्या वर्षी सांगेन तो कळून सवरून."

डॉक्टरांनी तपासलं आणि डावा कान संपला असल्याचं लिहून दिलं. हेडफोनचं काम बंद. मला शिक्षा म्हणून बढती दोन वर्षं पुढे गेली, जी रास्त होती. गुप्त्यांनी आपली ट्रंक भरायला घेतली. आणि मग वागळ्यांचं पत्र आलं. खात्याला लिहिलेलं, आम्हाला त्याची प्रत. त्यात त्यांनी म्हटलं होतं की नवं यंत्र उत्तम आहे आणि ते ठेवावंच. पण यंत्र स्वतः चुकलं तर ते त्याला कळत नाही, ते कळायला शेजारी एक संशयी माणूस लागतो. काचेवरची रेघ वाचायला कान लागत नाहीत. तेव्हा एकाने ऐकावं व बोलावं, दुसऱ्याने रेघ बघावी, आणि दर आठवड्याला होडी पाठवून ती रेघ तपासावी, आणि हे दुसरं काम गुप्त्यांना द्यावं. खात्याने पेन्शनीपर्यंतची दोन वर्षं मंजूर केली. पुढे ती होडीची तपासणी इतरांनीही उचलली असं ऐकलं. मशीन येतं ते माणसाला उठवायलाच, असं जे म्हणतात त्यांना मी ही हकिकत सांगतो. आमच्याकडे ते आलं आणि ज्याला उठवायला आलं होतं त्यालाच खुर्ची देऊन बसलं.

आमच्या जोडीच्या पहिल्या दिवशी एक मालवाहू विमान आलं, योगायोगाने पश्चिमेकडूनच. मी हेडफोन लावले, गुप्ते काचेपुढे. वैमानिक बोलला, गुप्त्यांनी बोटाने आकडा दाखवला, मी सांगितला. दहा मिनिटांत चार वेळा असं झालं. ढगातून बाहेर पडल्यावर वैमानिक म्हणाला, "मुंबई दिसली. तुमचे फार आभार, महाशय."

मी ते एका कागदाच्या तुकड्यावर लिहून गुप्त्यांपुढे सरकवलं, नोंद म्हणून. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

"असं म्हणाला?"

मी मान हलवली.

"गेली दोन-तीन वर्षं मला वाटत होतं," ते म्हणाले, "की हल्लीचे वैमानिक उद्धट झालेत. कुणी आभारच मानत नाही."

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी दुसऱ्या पुष्कळ चुका केल्या. पण कुणा वैमानिकाने मानलेले आभार लिहून त्यांच्यापुढे सरकवायला मी एकदाही विसरलो नाही.